अन्सिल पिंडरची खुर्ची

"मी मेलो त्या वर्षी उन्हाळा फार होता," असं अन्सिल पिंडर एकदा माझ्या खिडकीशी म्हणाला, आणि कप पुढे सरकवून म्हणाला, "साखर घाल अजून."

मी घातली. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माणूस वादळाचं साल आठवतो किंवा लग्नाचं, तसं त्याने आपल्या मरणाचं साल आठवलं होतं.

माझी खिडकी म्हणजे लाँड्रीच्या भिंतीला पाडलेलं चौकोनी भोक. आत लोकांचे कपडे गरगरत असतात, बाहेर मी बोटभर कपातून काळी गोड कॉफी आणि चवळीचे तळलेले बोयो विकतो. समोर, गल्लीच्या वळणावर, पिंडरांचं घर. पत्र्याचं छप्पर, मिठाने रंग खाल्लेल्या फळ्या, दारात नीरफणस आणि पुढे रुंद व्हरांडा. व्हरांड्यात दोन खुर्च्या. डावी ओनेलियाची, उजवी अन्सिलची. जे झालं ते त्या उजव्या खुर्चीवरून झालं.

अन्सिल समुद्रातून स्पंज काढायचा. तो धंदा त्याच्या बापाच्या हयातीतच आटला होता. आमच्या की वेस्ट बेटावर तेव्हा एक तर कोळंबीच्या बोटीवर काम होतं, नाही तर पर्यटकांच्या मागे. अन्सिलने दोन्ही केलं नाही. त्याच्याकडे एक लहान होडी होती, टोकाला आकडा बसवलेली लांब काठी होती, आणि तळाला काच लावलेली बादली होती. बादली पाण्यावर टेकवायची, तिच्यात तोंड घालायचं आणि खालचा तळ बघायचा. आयुष्याचा मोठा भाग त्याने बादलीत तोंड घालून काढला. त्यामुळे पाण्याच्या वर काय चाललं आहे ते त्याला जरा उशिरा कळायचं.

परत आला की स्पंज कुंपणावर वाळत टाकायचा, अंगावर पाणी घ्यायचा आणि त्या खुर्चीत बसायचा. तिथे तो काही करत नसे. दिवसभर वाकलेली पाठ टेकायचा, एवढंच. संध्याकाळी सगळा गाव धक्क्यावर जाऊन मावळत्या सूर्याला टाळ्या वाजवतो, तेव्हाही हा खुर्चीतच. टाळ्या गल्लीपर्यंत ऐकू आल्या की म्हणायचा, "गेला वाटतं," आणि जेवायला उठायचा.

तर त्या उन्हाळ्यात, मार्केसास बेटांच्या बाजूला उथळ पाण्यात, त्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं. इंधनाच्या नळीत कचरा अडकला होता. त्याने नांगर टाकला आणि कोणीतरी येईल म्हणून बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही.

त्या दुसऱ्या दिवशी ओनेलिया व्हरांड्यात उभी होती. कपाळावर आडवा हात धरून, डोळे बारीक करून, ती लांब बघत होती. खरं तर तिच्या घरातून समुद्र दिसत नाही. दिसते माझी लाँड्री. ती माझ्या छपरावर चढून बसलेल्या आपल्या कोंबडीकडे बघत होती.

नेमकी तेव्हाच पर्यटकांची गाडी आली. आगगाडीच्या इंजिनाचा मुखवटा घातलेली जीप, मागे उघडे डबे, डब्यांत उन्हाने लाल झालेले लोक. गाडी चालवायचा नॉर्वेल सॉयर, ओनेलियाच्या चुलत बहिणीचा मुलगा. एक हात चाकावर, दुसऱ्या हातात माइक. आमच्या वळणावर त्याला गाडी मुंगीच्या चालीने न्यावी लागायची, नाही तर शेवटचा डबा माझ्या पायरीवर चढायचा. गाडी हळू, आणि सांगायला काही नाही. त्या वळणावरच्या शांततेला नॉर्वेल घाबरायचा. बोलायचं थांबलं की लोकांना आपण उन्हात बसलो आहोत हे आठवतं, असं त्याचं म्हणणं.

"उजवीकडे बघा," तो माइकमध्ये म्हणाला. "ती बाई. नवरा स्पंज काढायला समुद्रात गेला आणि परत आला नाही. रोज ती अशीच उभी असते."

यातलं 'रोज' सोडलं तर सगळं खरं होतं. लोकांनी कॅमेरे खाली केले. एका जाड माणसाने टोपी काढली. मग सगळ्यांनी कॅमेरे पुन्हा वर केले. कोंबडी छपरावरून उडाली, आणि ओनेलियाने एक निःश्वास सोडला, तो शेवटच्या डब्यापर्यंत ऐकू गेला.

त्यानंतर अन्सिल आला. कोळंबीच्या बोटीने त्याची होडी ओढत आणली होती. ओठ फुटले होते, नाक सोललं होतं. ओनेलियाने त्याला पाणी पाजलं, काळ्या घेवड्याची उसळ आणि भात वाढला आणि जेवून होईपर्यंत बोलली. "नळी साफ कर म्हणून किती वेळा सांगितलं. मी माणूस आहे म्हणून सांगते, कोंबडी असते तर कधीच उडून गेले असते." हे एवढ्यावर संपायला हवं होतं.

पण नॉर्वेलची गाडी दिवसातून कितीतरी वेळा त्या वळणावर यायची, आणि आता त्या वळणावर शांतता उरली नव्हती.

अन्सिलला हे कळलं तेव्हा तो माझ्या खिडकीशी येऊन थांबला. नॉर्वेल तिथेच कॉफी पीत होता.

"नॉर्वेल, मी आलोय परत."

"बघितलं ना, काका. बरं वाटलं. बोयो घ्या, गरम आहेत."

"मग आता ते बंद कर."

"काय?"

"माझं मरण."

नॉर्वेलने कप खाली ठेवला. "काका, तुम्हीच सांगा. आधीच्या वळणावर दीपस्तंभ आहे. पुढच्या वळणावर सहा बोटांची मांजरं आहेत. मध्ये तुमचं घर. मी तिथे काय सांगू? नीरफणस आहे म्हणून सांगू?"

"आहे की."

"आहे ते मला दिसतं. नीरफणस बघायला कोणी आयोवाहून येत नाही."

"मग खरं काय झालं ते सांग."

"खरं काय झालं?"

"नळीत कचरा अडकला होता."

नॉर्वेल वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने खरं सांगितलं. मी खिडकीतून ऐकलं. "उजवीकडे श्रीयुत पिंडर राहतात. एकदा त्यांच्या इंजिनाच्या नळीत कचरा अडकला. ते परत आले." अन्सिलने खुर्चीतून हात वर केला. गाडीत कोणी काही बोललं नाही. बराच वेळ नुसती चाकं वाजली. मग मागच्या डब्यातल्या एका बाईने विचारलं, इथे शौचालय कुठे आहे.

पुढच्या फेरीला अन्सिल पुन्हा मेला.

आता अडचण अशी झाली की मेलेला माणूस बायकोच्या शेजारी बसलेला सगळ्यांना दिसत होता. लोक विचारायचे, मग हा कोण? नॉर्वेलने आधी तो दीर असल्याचं सांगितलं. लोकांना ते आवडलं नाही. दिराच्या मनात काय आहे हे आम्हाला कळतं, अशा नजरेने ते बघायचे. मग त्याने भाडेकरू सांगून बघितलं. एकदा तर मिनेसोटाची एक म्हातारी गाडीतून उतरून फाटकाशी आली आणि अन्सिलला म्हणाली, "त्या बिचारीला थोडा वेळ एकटं राहू द्या हो. तुम्हाला काही वाटत नाही का?"

"मला पाठ टेकायची आहे," अन्सिल म्हणाला.

"दुसरीकडे टेका," म्हातारी म्हणाली.

तेव्हा नॉर्वेलने हात जोडले. "काका, गाडी येते तेवढ्यापुरते आत बसा. गाडीची घंटा ऐकली की उठायचं, गाडी गेली की यायचं. माझ्यासाठी."

अन्सिल उठू लागला. घंटा वाजली की तो स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसायचा. स्टुलाला पाठ नसते. हिवाळा आला, थंडीच्या मुलखातले लोक आले, गाड्या वाढल्या. एक गेली की दुसरी. पाहण्यासारख्या ठिकाणांचा जो नकाशा हॉटेलांत फुकट वाटतात, त्यात आमच्या वळणाला आकडा मिळाला. आता लोक चालतही यायचे. अन्सिल मागच्या गल्लीतून घरात शिरायचा आणि मागच्या गल्लीतून बाहेर पडायचा. आणि नॉर्वेलला त्या रिकाम्या खुर्चीचा शोध लागला.

"ती दुसरी खुर्ची बघा," तो माइकमध्ये आवाज खाली आणून म्हणायचा. "तिच्यात कोणी बसत नाही."

खरंच कोणी बसत नव्हतं. ओनेलियाने तिच्यावर विणलेलं पांढरं कापड टाकलं. कोणीतरी चाफ्याची फुलं ठेवली.

ओनेलियाबद्दल लोक पुढे काय काय बोलले. मी समोरून रोज बघत होतो, म्हणून सांगतो. तिने आयुष्यभर माझ्याच लाँड्रीत इस्त्री केली, माझ्या बापाच्या वेळेपासून. वाफेत उभी असलेली बाई कोणाला दिसत नाही. आता ओहायोचे, मिशिगनचे लोक तिच्याकडे बघून डोळे पुसत होते. तिने आईच्या वेळचा काळा पोशाख काढला. कपाळावरचा हात आधी जरा घाईने जायचा, आता तो हळू जाऊ लागला, आणि वर गेल्यावर थांबायला शिकला.

"रिगो," ती एकदा मला म्हणाली, "लोकांना वाटतं मी नाटक करते. नाही करत. ते बघायला लागले की मला खरंच वाटतं, कोणीतरी यायचं राहिलंय."

"अन्सिल मागे होडी धूत बसलाय," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

घरात तर निराळंच. खिडक्या उघड्या असायच्या, गल्ली अरुंद, सगळं ऐकू यायचं.

"ओले बूट आत आणलेस पुन्हा. त्याने असे आणले नसते."

"कोणी?"

"त्याने."

"तो मीच आहे, ओनेलिया."

"आहेस. पण तो बरा होता."

अन्सिलने बूट बाहेर नेऊन ठेवले. नंतर बऱ्याच दिवसांनी मला म्हणाला, "त्याच्याशी काही बरोबरी होत नाही. तो काही करतच नाही."

गावानेही हळूहळू मानून घेतलं. यात दुष्टपणा नव्हता. आमच्याकडे प्रत्येक घरातला एक माणूस तरी त्या गाडीवर जगतो. कोणी टोप्या विकतं, कोणी शहाळी फोडतं, कोणी काचेच्या तळाच्या बोटीतून मासे दाखवतं. गाडीत जे सांगितलं जातं ते खोटं पाडणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात माती टाकणं. त्यामुळे लोक अदबीने वागू लागले. कोपऱ्यावरचा न्हावी अल्टन अन्सिलची दाढी करता करता विचारायचा, "ओनेलिया कशी आहे? सावरली का?" डोमिनोच्या टेबलावर त्याची जागा दुसऱ्याला गेली. रविवारी चर्चमध्ये मृतांची नावं वाचली, त्यात त्याचं वाचलं. तो तिसऱ्या रांगेत होता. बाकीच्यांबरोबर त्यानेही आमेन म्हटलं.

बेटाचा वारसा जपणारं एक मंडळ होतं. त्याच्या अध्यक्ष वर्लीन नोल्सबाई. त्यांनी स्मशानात अन्सिलच्या नावाचा कप्पा करून घेतला. आमच्याकडे जमिनीखाली लगेच खडक लागतो, म्हणून मेलेल्यांना जमिनीवरच, सिमेंटच्या कप्प्यांत ठेवतात, एकावर एक. अन्सिल बघून आला. कप्प्याला दार बसायचं होतं आणि आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"जागा बरी आहे," तो मला म्हणाला. "वारा येतो."

"कॅप्टन," मी म्हणालो, "तुम्हाला राग येत नाही?"

त्याने बराच वेळ कपात बघितलं, जणू त्यालाही काचेचा तळ होता. "मला काय हवंय, रिगो? खुर्ची हवी आहे. बाकीचं त्याला ठेवू दे. नाव ठेवू दे, फुलं ठेवू दे. कप्पाही ठेवू दे. मला दुपारी पाठ टेकायला माझी खुर्ची द्या."

मग त्याने एक गोष्ट केली. विचार करून केली, आणि तिथेच फसला.

आमच्या जुन्या लोकांत एक पद्धत आहे. घरात मूल जन्मलं की फाटकाशी काठी रोवायची आणि काठीच्या टोकाला गुलाबी ओठांचा मोठा शंख लावायचा. कोणाला सांगत फिरावं लागत नाही. शंख दिसला की लोक समजतात, या घरात माणूस आलं. हल्ली फार कोणी करत नाही, पण वाचता सगळ्यांना येतं.

एका सकाळी अन्सिल पुढच्या फाटकाशी काठी ठोकताना दिसला. शंख त्याने स्वतः काढून आणला होता, आतून अजून ओला होता. ठोकून झाल्यावर त्याने खुर्चीवरचं कापड बाजूला केलं आणि बसला.

"कॅप्टन, हे काय?" मी खिडकीतून विचारलं.

"मी आहे, हे सांगायचंय," तो म्हणाला. "तोंडाने सांगून झालं. माणूस आलाय हे सांगायची दुसरी पद्धत मला माहीत नाही."

दुपारपर्यंत बायका आल्या. एक पेरू घालून वाफवलेला गोड केक घेऊन आली, एकीने लोकरीचे मोजे आणले, अंगठ्यात बसतील एवढे. सगळ्या अन्सिलसमोरून आत गेल्या आणि ओनेलियाला मिठ्या मारू लागल्या. ओनेलियाची साठी उलटली होती. एकीने तिला उभंच राहू दिलं नाही, पायाखाली उशी दिली.

"देवाच्या मनात असलं की वय आडवं येत नाही," ती म्हणाली.

"कुठे निजवलंय?" दुसरीने विचारलं.

"कोणाला?" ओनेलिया म्हणाली.

आणि मग त्या बायका एकेक करून मागे सरकल्या. कारण त्यांना वय नव्हे, दुसरंच काहीतरी आठवलं. ही विधवा होती.

मी कॉफी गाळत उभा होतो आणि गल्लीचं तोंड वाकडं होताना बघत होतो. अल्टन न्हावी वस्तरा हातात घेऊनच दुकानातून आला. त्याने शंख बघितला, मग खुर्चीतल्या अन्सिलला बघितलं.

"मागच्या दाराने एक माणूस येतो-जातो, हे आम्हाला काय दिसत नव्हतं?" तो म्हणाला. "गप्प बसलो. म्हटलं बाई एकटी आहे, कोणाचा आधार असेल."

"अल्टन, ते माझं घर आहे," अन्सिल म्हणाला.

"हेच. हेच ऐकायचं राहिलं होतं. पिंडर माझा मित्र होता. वर्षानुवर्षं मी त्याची दाढी केली."

"काल केलीस."

"त्याच्या खुर्चीत बसून बोलतोस," अल्टन म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला. "तो आज असता तर तुला समुद्रात बुडवला असता."

नॉर्वेलची गाडी आली, शंखाशी अडखळली. नॉर्वेल जन्माने इथला. शंख वाचता न येणं त्याला शक्यच नव्हतं, आणि त्याने ती पद्धत आदल्याच वळणावर लोकांना समजावून सांगितली होती, कारण तिथे एका दारात शोभेचा शंख होता. सगळा डबा व्हरांड्याकडे बघत होता. काळ्या पोशाखातली विधवा, दारात बाळाचा शंख, आणि त्या खुर्चीत, जिच्यात कोणी बसत नाही, एक माणूस.

नॉर्वेलने माइक तोंडाजवळ नेला आणि खाली आणला. त्या दिवशी वळणावरची शांतता परत आली. संपूर्ण, उन्हासारखी.

संध्याकाळी तो ओनेलियासमोर डोकं धरून बसला. "मावशी, मी काय सांगू लोकांना? एक बाई उतरून पैसे परत मागत होती. म्हणाली, मी या विधवेसाठी रडले होते."

"मला का विचारतोस? ज्याने ठोकलंय त्याला विचार."

"मी आहे एवढंच सांगत होतो," अन्सिल म्हणाला.

"सांगितलंस," ओनेलिया म्हणाली. "आता सगळा गाव मला विचारतोय, तू कोणाचा."

तिने काठी उपटली. पण फुलं यायची थांबली. गाड्या वळणावर शक्य तेवढ्या भरभर जाऊ लागल्या, शेवटचा डबा माझ्या पायरीवर चढू लागला. ओनेलिया हात कपाळावर नेई आणि कोणी बघत नाही हे पाहून खाली आणी. ती पुन्हा वाफेतली बाई झाली होती. घरात ती त्याच्याशी बोलेना. अन्सिल मात्र खुर्चीत बसू शकत होता, आणि बसतही होता, पण मी बघत होतो, त्याची पाठ टेकत नव्हती. तो स्टुलावर बसल्यासारखा बसायचा.

यातून मार्ग काढला वर्लीन नोल्सबाईंनी. त्या छत्री घेऊन आल्या, व्हरांड्याला एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "स्मरणसभा घेऊ. जाहीर. गाड्या इथेच थांबवू. शंख फुंकू, चार शब्द बोलू. मृताचा मान राहिला की बाईचा राहतो, आणि बाईचा राहिला की बेटाचा."

सभेसाठी मृताच्या वस्तू हव्या होत्या. अन्सिलने आपली बादली दिली, ती खुर्चीजवळच्या खिळ्याला टांगली. मग बोलणारा हवा होता. बाईंनी गल्लीत विचारलं, तर कोणाला त्याच्याबद्दल काही आठवेना. अल्टन म्हणाला, दाढी राठ होती. दुसरा म्हणाला, उंच होता. तिसरा म्हणाला, बुटका होता.

"तुम्हीच बोला," बाई शेवटी अन्सिलला म्हणाल्या. "तुमच्याबद्दल लोक काय बोलतात ते आपण बाजूला ठेवू. तुम्ही त्याला जवळून ओळखत होतात."

"बोलतो," अन्सिल म्हणाला. "पण बसून बोलेन. त्या खुर्चीत."

बाईंनी विचार केला. "चालेल. एक दिवस."

सभेच्या सकाळी तो दाढी करून, पांढरा शर्ट घालून माझ्याकडे आला. मी त्याला इतका ताठ कधी बघितला नव्हता.

"आज संपतंय, रिगो," तो म्हणाला. "आतापर्यंत चोरासारखा बसलो. आज ते स्वतः बसवणार आहेत. सगळ्यांच्या समोर. मी सांगेन तो मी, आणि ओनेलिया शेजारी असेल, ती हो म्हणेल. बस्स."

"आणि नाही म्हणाली तर?"

"नाही कशी म्हणेल? माझी बायको आहे."

दुपारी गल्ली भरली. नॉर्वेलची गाडी फाटकाशी उभी राहिली, सगळे डबे भरलेले. चार म्हाताऱ्यांनी शंख फुंकले. तो आवाज गाईच्या हंबरण्यासारखा असतो, आणि गल्लीतले सगळे कोंबडे त्याला उत्तर देत राहिले, त्यामुळे सुरुवात करायला उशीर झाला. ओनेलिया डाव्या खुर्चीत बसली होती. अन्सिल आतून आला, उजव्या खुर्चीत बसला, आणि या वेळी त्याची पाठ टेकली. ते मला खिडकीतून दिसलं.

"अन्सिल पिंडर माझ्या ओळखीचा होता," तो म्हणाला. "त्याला कॉफीत साखर जास्त लागायची. इंजिनाची नळी साफ करायचा त्याला कंटाळा. लग्न नवीन होतं तेव्हा ओनेलियाने एकदा विचारलं होतं, दिवसभर त्या बादलीत काय दिसतं तुला? तो म्हणाला, काही नाही, वाळू." तो थांबला. "खोटं बोलला. पुष्कळ दिसायचं. कुठल्या शब्दांत सांगायचं ते त्याला कळलं नाही, म्हणून वाळू म्हणाला. मग तिने परत विचारलं नाही."

डब्यांतून नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. ओनेलिया त्याच्याकडे बघत होती. ती गोष्ट तिला आठवत असावी.

"तो माणूस मी आहे," अन्सिल म्हणाला. "मी मेलो नाही. मी इथे बसलोय."

मग पहिल्या डब्यातल्या कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या, जशा आम्ही सूर्य बुडाल्यावर वाजवतो तशा, मनापासून. अल्टन रडत होता. नोल्सबाई शेजारणीला म्हणाल्या, "मैत्री असावी तर अशी. स्वतःला त्याच्यात विसरला." कोणी त्याला खोटारडा म्हटलं नाही. तेच वाईट झालं.

अन्सिलने टाळ्या थांबू दिल्या. मग तो ओनेलियाकडे वळला.

"तू सांग त्यांना."

ओनेलियाने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, इतका की मला वाटलं आता ती बोलणार. तिचा हात त्याच्या खुर्चीच्या दांड्यापर्यंत गेलाही होता. तेवढ्यात वळणावर दुसऱ्या गाडीची घंटा वाजली. नवे लोक माना उंच करून बघू लागले. ओनेलियाचा तोच हात उठला, हळू, कपाळापाशी जाऊन थांबला. तिची नजर अन्सिलच्या खांद्यावरून पलीकडे गेली, माझ्या लाँड्रीच्या छपराकडे. तिथे कोंबडी नव्हती. तिथे काहीच नव्हतं.

"ऊठ, अन्सिल," ती अगदी हळू म्हणाली. चिडून नाही, समजावल्यासारखी. "ती त्याची जागा आहे."

तो उठला. खुर्चीवरचं पांढरं कापड चुरगळलं होतं, ते त्याने दोन्ही हातांनी सरळ केलं. खिळ्यावरची बादली घेतली. मागच्या दाराकडे गेला नाही. पुढच्या पायऱ्या उतरला, फाटकातून बाहेर पडला, दोन्ही गाड्यांच्या मधून. लोकांनी पाय आत घेऊन त्याला वाट दिली. कोणीतरी नॉर्वेलला विचारलं, हा कोण, आणि नॉर्वेल माइक हातात धरून नुसता उभा राहिला. अन्सिल माझ्या खिडकीवरून गेला. कॉफीसाठी थांबला नाही. बादलीच्या तळाच्या काचेतून गल्लीचा एक गोल तुकडा हलत जात होता, आणि तो धक्क्याच्या दिशेने चालत राहिला.